हाक मारली तरच

कॅप्टनने घर हलवायचं ठरवलं ते नेमकं अशा आठवड्यात, जेव्हा शहरातली कुत्रीसुद्धा जागा बदलायला तयार नव्हती. एका सावलीतून उठून दुसऱ्या सावलीत जायचं तर मधे ऊन लागतं, एवढी अक्कल त्यांना होती. महापालिकेच्या गाड्या भोंगे लावून फिरत होत्या, की दुपारी बाहेर पडू नका, म्हाताऱ्याकोताऱ्यांना जपा, पाणी पीत राहा. रस्त्यावरचं डांबर चपलांचे तळ धरून ठेवत होतं. आणि कॅप्टन जेवणाच्या टेबलाशी बसून जाहीर करता झाला, "रविवारी शिफ्टिंग. भर दुपारी ट्रक येणार. त्या वेळी रस्ते मोकळे असतात. ट्रॅफिक शून्य. जरा डोकं चालवावं लागतं."

"मोकळे का असतात, तेही डोक्याने सांगितलं असेलच," त्याची आई म्हणाली.

कॅप्टनने ते ऐकलं नाही. न ऐकण्याची कला त्याला उत्तम साधली होती.

कॅप्टन म्हणजे थोरलीचा, घरातल्या थोरल्या सुनेचा, नवरा. सैन्याशी त्याचा संबंध सिनेमापुरता. कॉलेजात असताना तो क्रिकेटच्या संघात बारावा होता. एकदा खरा कप्तान जुलाबाने आडवा झाला म्हणून याला नाणं उडवायला पाठवलं, आणि हा तेही हरून आला. मित्र त्या दिवसापासून थट्टेने कॅप्टन म्हणू लागले. बाकीच्यांच्या लक्षात राहिली ती थट्टा, याच्या लक्षात राहिला तो हुद्दा. आता तो एका विमा कंपनीत मधल्या खुर्चीवर होता. वरच्या खुर्चीतल्या माणसाला हसून दाखवायचं, खालच्या खुर्चीतल्याला नाक उडवून दाखवायचं, असं दोन्हीकडे तोंड ठेवून ठेवून त्याची मान थोडी वाकडीच झाली होती, असं थोरलीला वाटे.

नवं घर मोठ्या साहेबांच्या इमारतीत होतं. साहेब पहिल्या मजल्यावर, आणि अगदी वरचा, गच्चीखालचा फ्लॅट रिकामा झाला होता. साहेब लिफ्टमध्ये सहज म्हणाले होते, "घ्या की तुम्ही." तेवढ्या तीन शब्दांवर कॅप्टनला झोप येईनाशी झाली होती. ऑफिसातल्या दुसऱ्या कुणी घेतला तर? म्हणून ही घाई.

"वरून अख्खं शहर दिसतं," तो म्हणाला.

"शहराने काय दाखवण्यासारखं ठेवलंय?" आई म्हणाली.

सासूबाईंचं बोलणं असंच. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. जन्म लोकांना 'थांबा' म्हणण्यात गेलेला, त्यामुळे निवृत्त झाल्यावरही आवाजात तीच धार. थोरलीशी त्यांचं कधी पटलं नव्हतं. थोरली एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत इस्त्री विभाग सांभाळायची. वाफेत, गरम पत्र्यांच्या रांगेत तिचा दिवस जायचा. कॅप्टन बाहेर सांगे, "मिसेस हॉटेल इंडस्ट्रीत आहेत." सासूबाई घरात सांगत, "आमच्या बाईसाहेब दुसऱ्यांच्या चादरी सरळ करतात. घरातल्या चुरगळलेल्या चालतात त्यांना." थोरलीही काही मुकी नव्हती. दोघींची वीस वर्षं अशी समोरासमोर गेली होती, आणि एका गोष्टीवर त्यांचं मनातल्या मनात एकमत होतं: कॅप्टन बिनकामाचा आहे. पण एकीला तो मुलगा होता आणि दुसरीला नवरा, त्यामुळे हे एकमत कधी बोलून दाखवता आलं नव्हतं.

जुनं घर तळमजल्यावर होतं. भाड्याच्या तीन खोल्या, जाड भिंती, मागे एक बंदिस्त गॅलरी. गॅलरीला लोखंडी जाळी, आणि जाळीपलीकडे हात लांबवला तर लागेल अशी गोदामाची आंधळी भिंत. दिसायला काही नाही. पण ऊन तिथे कधी पोचत नसे. असं घर सोडून कढईत जाऊन बसायचं, हे थोरलीने एकदा बोलून पाहिलं. कॅप्टन म्हणाला, "तुला मोठा विचारच करता येत नाही." पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं?

रविवारी कॅप्टनने गळ्यात शिट्टी अडकवली.

खोटं नाही, खरोखर शिट्टी. हमालांचा मुकादम आपली माणसं घेऊन आला, तेव्हा हा दारात पाय फाकवून उभा. एक शिट्टी म्हणजे उचला, दोन म्हणजे थांबा, लांब शिट्टी म्हणजे सावकाश. मुकादम पांढऱ्या मिशांचा माणूस होता. त्याने शिट्टीकडे पाहिलं, थोरलीकडे पाहिलं, आणि आपल्या माणसांना म्हणाला, "चला रे. कपाट आधी." त्यानंतर दिवसभर त्यांनी शिट्टीला कावळ्याच्या ओरडण्याइतकीच किंमत दिली.

धाकटा दीरही मदतीला आला होता. मदत अशी, की तो आपल्या नव्या गाडीत काचा लावून, इंजिन चालू ठेवून, थंड हवेत बसला. "नाजूक सामान मी नेतो, वहिनी," तो म्हणाला. नाजूक सामान म्हणजे टीव्ही आणि तो स्वतः.

सासूबाई मात्र सगळीकडे होत्या. बरण्या कशा गुंडाळल्या, आरसा कोणी उलटा ठेवला, हमालांना पाणी दिलं का. शेवटची गोष्ट कुणी तरी विचारायला हवीच होती, कारण माणसं घामाने निथळत होती आणि कॅप्टन त्यांच्या मागे, "वेळ जातोय, वेळ जातोय!" करत होता. आईने चौथ्यांदा टोकलं तेव्हा त्याचा तोल गेला. पांघरायच्या चादरी उचलणाऱ्या हमालांसमोर तो म्हणाला, "आई, तू सारखी मधे मधे येतेस. मागच्या गॅलरीत खुर्ची टाकलीय, तिथे बस. सगळं झालं की मी हाक मारतो."

सासूबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "मारशील?"

"आई! प्लीज!"

"बरं. मग तू हाक मारल्याशिवाय मी उठणार नाही. नंतर म्हणू नकोस, मधे आली." आणि त्या ताठ मानेने मागे गेल्या. गॅलरीचं दार त्यांनी स्वतःच ओढून घेतलं.

घरात एकदम शांतता झाली. थोरलीला तेव्हा बरं वाटलं, हे खरं आहे. सामान चढलं, ट्रक निघायची वेळ झाली. नव्या घरी उतरवून घ्यायला कुणी तरी हवं म्हणून ती ड्रायव्हरशेजारी बसली. निघताना आत जाऊन 'आई, मी पुढे होते' म्हणायला हवं होतं. पण मग त्यावर त्या काही तरी बोलल्या असत्या, आणि त्याला हिने उत्तर दिलं असतं. थोरलीने पदरी पडलेली शांतता मोडली नाही. आई काय, दोन्ही मुलांबरोबर दिराच्या गाडीतून आरामात येतील, असं तिने धरलं.

नव्या इमारतीत लिफ्ट होती. चकचकीत, आत आरसा लावलेली. पण वॉचमनने हात आडवा केला. "सामान जिन्याने. लिफ्ट फक्त माणसांसाठी."

"हे कोण आहेत मग?" थोरलीने हमालांकडे बोट दाखवलं.

"सोसायटीचा नियम आहे, बाई."

माणसं कपाट खांद्यावर घेऊन जिन्याने चढली. अर्ध्या वाटेवर मुकादम पायरीवर बसला तो उठेना. मिशीवरून घाम गळत होता, ओठ पांढरे पडले होते. थोरलीने ओरडून सगळ्यांना खाली ठेवायला लावलं, पाणी आणलं, मीठ-साखर घालून एकेकाला पाजलं आणि पंखा असलेल्या पार्किंगमध्ये बसवलं. मग एकटीच वर गेली. गच्चीखालच्या त्या घराचं दार उघडलं, तर आतली हवा अंगावर धावून आली. भिंतीला हात लावला. नुकती इस्त्री ठेवून उचललेल्या कापडासारखी ती तापली होती. खिडकीतून अख्खं शहर दिसत होतं हे मात्र खरं. ते उन्हात पांढरं होऊन पडलं होतं, मेल्यासारखं.

बऱ्याच वेळाने दीर एकटा वर आला. चेहरा लाल, मूड गेलेला. "वहिनी, गाडीच गरम झाली. गेटपाशी पोचलो आणि बॉनेटमधून वाफ. एवढा वेळ एसी चालू ठेवायला नको होता."

"आईंना कुठे बसवलंत? लिफ्टने वर नाही आणलं?"

दीर तिच्याकडे बघतच राहिला. "आई तुमच्याबरोबर ट्रकमध्ये आली ना? दादा म्हणाला, ड्रायव्हरशेजारी बसलेली पाहिली."

"ड्रायव्हरशेजारी मी होते."

"मग?"

मग काय? थोरली दाराकडे वळली. "हे कुठे आहेत?"

"दादा साहेबांकडे. भेटून येतो म्हणाला."

ती जिने उतरून पहिल्या मजल्यावर गेली आणि बेल दाबून धरली. मोठ्या साहेबांनीच दार उघडलं. आडवे पट्टे असलेली चड्डी आणि बनियन अशा वेषात मोठे साहेब बरेच लहान दिसत होते. आत थंडगार अंधार होता. सोफ्याच्या काठावर, जणू पूर्ण बसलो तर शिक्षा होईल असा, कॅप्टन बसला होता. हातात सरबताचा ग्लास. तिला पाहून त्याचा चेहरा आधी आक्रसला, कारण तिच्या कपड्यांना घाम आणि धूळ होती.

"आई कुठे आहेत?" ती म्हणाली.

"आई?" तो हसला. साहेबांकडे पाहून हसला. "असेल ना. तुझ्याबरोबर…"

"माझ्याबरोबर नाहीत. भाऊजींबरोबर नाहीत. गॅलरीतून हाक मारलीत का त्यांना?"

त्याचं हसू तसंच तोंडावर राहिलं, नुसतं त्याच्यामागचं सगळं निघून गेलं. मग तो जे बोलला, ते थोरली जन्मात विसरली नाही. "अगं, शेजारी कुणाकडे गेली असेल. तिला गप्पा लागतात. तू वर जा, मी पाच मिनिटांत बघतो. साहेब आत्ता एक महत्त्वाचं सांगत होते."

"किल्ली?"

"मालकांना दिली." आणि तो उठला नाही.

रस्ता मोकळा होता. कॅप्टनने म्हटलं होतं तसाच, ट्रॅफिक शून्य. टॅक्सीही शून्य. थोरली भर उन्हात चौकापर्यंत धावत गेली. तिथे पुलाच्या सावलीत एक टॅक्सीवाला तोंडावर ओला टॉवेल टाकून पडला होता. "दुपारी नाही घेत भाडं," टॉवेलखालून उत्तर आलं. ती म्हणाली, "बंद घरात म्हातारं माणूस अडकलंय." टॉवेल बाजूला झाला. गाडी सुरू करताना तो एवढंच म्हणाला, "कोण विसरलं?" तिने नुसता पत्ता सांगितला. लाज वाटली.

वाटेत तिने कॅप्टनला फोन लावला. वाजला, आणि कापला गेला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा बंद होता. सासूबाईंचा मोबाइल कुठे असेल ते तिला ठाऊक होतं. 'किरकोळ' असं लिहिलेल्या खोक्यात तिनेच तो टाकला होता, सासूबाई चार्जिंगला लावून विसरल्या होत्या म्हणून.

जुन्या घराचे मालक त्याच इमारतीत वर राहत. खिडक्यांना जाड पडदे, कूलरची घरघर. खालून कुणी जीव तोडून ओरडलं असतं तरी ऐकू जाण्याची सोय नव्हती. थोरलीने दार बडवलं. मालक डोळे चोळत आले. "किल्ली? मीच वाट बघतोय किल्लीची. दिलीच नाही तुमच्या मिस्टरांनी."

ती खाली धावली. दाराला कुलूप. "आई!" काही नाही. "आई!" दाराला कान लावला. आत खोलवर कुठे तरी पत्र्यावर काही आपटल्यासारखा बारीक आवाज आला. एकदाच.

टॅक्सीवाला न सांगता डिकीतून टॉमी घेऊन आला, चाक खोलायची ती लोखंडी कांब. तिने ती त्याच्या हातातून घेतली आणि कोयंड्यात घातली. मालक जिन्यात उभे राहून म्हणाले, "अहो, जपून! दाराला परवाच पॉलिश केलंय! तोडायचं असेल तर आधी तुमच्या मिस्टरांना विचारा…"

"त्यांनाच विचारत बसा तुम्ही," थोरली म्हणाली आणि सगळं अंग टाकून कांब दाबली. कोयंडा लाकडासकट उपटला.

आत अंधार होता. बटण दाबलं, दिवा लागला नाही. कॅप्टनने जबाबदार भाडेकरू म्हणून मीटरपाशी जाऊन मेन स्विच पाडला होता. नळाला पाणी नव्हतं, कारण बाहेरचा कॉकही त्याने स्वतःच्या हाताने फिरवला होता. सगळ्या खिडक्या गंजलेल्या कड्या ठोकून बंद, म्हाताऱ्या हातांना उघडणार नाहीत अशा. त्या लावताना तो घरभर फिरला होता, फक्त गॅलरीचं लावलेलं दार पाहून 'हे बंद आहे' म्हणून पुढे गेला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याने इतकी कामं नीट केली होती, आणि एकेक काम आईच्या जिवावर उठलं होतं.

गॅलरीतली खुर्ची रिकामी होती. सासूबाई मोरीत सापडल्या. भिंतीला टेकून जमिनीवर बसलेल्या, पाय फरशी पुसायच्या बादलीतल्या गढूळ पाण्यात, डोक्यावर ओलं करून ठेवलेलं आणि आता वाळून कडक झालेलं पुसणं. हातात पत्र्याचा डबा होता, तोच भिंतीवर आपटला असावा. थोरलीने हात धरला. हात कोरडा. गरम आणि कोरडा. लाँड्रीत बाया भोवळ येऊन पडत, त्यांना घाम फुटलेला असे. घाम थांबला की काय समजायचं ते तिला माहीत होतं.

"आई, मी आलेय. ऐकू येतंय?"

सासूबाईंनी डोळे उघडले, पण तिच्याकडे पाहिलं नाही. स्वच्छ, कोरड्या, जुन्या आवाजात म्हणाल्या, "लाइन मिळत नाहीये. थांबा. थांबा, मी पुन्हा लावते." मग थोड्या वेळाने, अगदी हळू, "कुणी उचलतच नाही हो."

वीस वर्षांत त्या बाईचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. थोरलीने मालकांना हाक मारली ती अशी, की ते पॉलिश विसरून थंड पाण्याच्या बाटल्या आणि एक चादर घेऊन धावत आले. तिने सासूबाईंना भिजवलं, ओल्या चादरीत घेतलं. टॅक्सीवाल्याने पाय धरले, तिने खांदे, आणि दोघांनी त्यांना गाडीत घातलं.

हॉस्पिटलच्या त्या वॉर्डात सगळे उन्हाचेच होते. रस्ता खणणारे, ओझी वाहणारे, एक वाहतूक पोलीस, गच्चीवर पत्रे ठोकणारा एक जण. पोटासाठी उन्हात गेलेली माणसं. मुलाच्या हुशारीपायी आलेल्या बहुधा सासूबाई एकट्याच. डॉक्टरीणबाईंनी बगलेत, मानेला बर्फ लावला, सलाईन लावलं आणि थोरलीला विचारलं, "बंद घरात कशा राहिल्या?"

"विसरलो आम्ही," थोरली म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी वर पाहिलं, मग पुन्हा सलाईनकडे. त्या नजरेत जे होतं, त्यातला आपला वाटा थोरलीने मुकाट्याने घेतला.

संध्याकाळच्या सुमारास सासूबाई शुद्धीवर आल्या. आजूबाजूला पाहिलं, थोरलीला पाहिलं. "बाईसाहेब," म्हणाल्या. म्हणजे जिवावरचं टळलं होतं.

थोरलीला रडू यायला हवं होतं, पण आला तो संताप. "ट्रक गेला, शिट्टी थांबली, घर रिकामं झालं. तुम्ही उठून बाहेर का नाही आलात?"

"तो म्हणाला होता, हाक मारतो."

"आणि तुम्ही बसून राहिलात?"

"बघत होते."

"काय बघत होतात?"

"मारतो का." सासूबाईंनी ओठ ओले केले. "कडी लागल्याचं ऐकलं मी. तेव्हाही उठले नाही. म्हटलं, आता पायरीवर आठवेल. पायरीवर नाही तर गाडीत आठवेल. गाडीत बसताना तरी माणूस मोजतो ना, कोण कोण आहे ते? मग गाडी गेल्याचा आवाज आला. मग उठले. मग ओरडले. माझा आवाज, तुला माहीत आहे, तीन गल्ल्या जायचा. कुणी आलं नाही."

थोरलीने मान वळवली. किती मूर्ख, किती हट्टी बाई! चार पावलं चालून आली असती तर काही झालं नसतं. पण तीही कितीदा अशीच बसली होती, तोंड फिरवून, बघू या हा विचारतो का म्हणून. फक्त तिच्या बाबतीत दाराला कुलूप लागलं नव्हतं.

कॅप्टन आला तेव्हा त्याने कपडे बदललेले होते. हातात फुलं. तो खाटेपाशी न जाता आधी थोरलीपाशी आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "साहेब विचारत होते, काय झालं म्हणून. तू तिथे काही बोलली नाहीस ना जास्त?"

थोरलीने खाटेकडे बोट दाखवलं. तो मग आईकडे वळला. "आई, अगं मी सगळं तपासलं होतं. मेन स्विच, पाणी, खिडक्या, सगळं. मी हाक मारणारच होतो. तेवढ्यात साहेबांचा फोन आला…" कपाळ पुसायला त्याने खिशातून रुमाल ओढला, आणि रुमालाबरोबर किल्ली बाहेर आली. फरशीवर वाजली. शेजारच्या खाटेवरच्या पोलिसानेही वाकून पाहिलं.

"काखेत कळसा," सासूबाई म्हणाल्या, आणि पुढचं बोलायला त्यांच्या अंगात ताकद नव्हती. थोरलीने ते पूर्ण केलं. "आणि गावाला वळसा." आयुष्यात पहिल्यांदा दोघी एक म्हण वाटून बोलल्या.

डिस्चार्जच्या दिवशी सासूबाईंनी सांगून टाकलं, "मी त्या भट्टीत येणार नाही." कॅप्टनने थोरलीकडे पाहिलं; समजाव हिला, अशा नजरेने.

"मीही नाही," थोरली म्हणाली. "मी मालकांशी बोललेय. या उन्हाळ्यात त्यांना दुसरा भाडेकरू मिळत नाही. कोयंडा मी नवा बसवून घेतलाय. घर माझ्या नावावर घेतलं."

"अगं पण लोक काय म्हणतील? साहेबांना काय सांगू? नवीन घर घेतलं आणि बायको, आई जुन्या घरात?"

"सांगा, मिसेस हॉटेलात राहतात. सवय आहे तुम्हाला."

आणि दोघी खरोखर रिकाम्या घरात जाऊन राहिल्या. जाड भिंती, एक माठ, मालकांनी स्वतःहून आणून दिलेल्या दोन सतरंज्या. पॉलिशवरून बोललेले शब्द त्यांना बोचत असावेत. थोरलीने गॅलरीच्या जाळीला ओल्या चादरी बांधल्या. सासूबाई म्हणाल्या, "सुरकुत्या पडल्यात." थोरली म्हणाली, "पडू देत." भांडण काही संपलं नाही, पण आता त्यात थोडी चव आली होती.

सामान वर, गच्चीखाली होतं. लागेल तशी एकेक वस्तू थोरली फोनवरून मागवू लागली. आज टेबलफॅन. आज कुकर. आज आईंची औषधांची पेटी. नाही, ती नव्हे, निळी. वॉचमनचा नियम कॅप्टनलाही लागू होता: सामान जिन्याने. दिराची गाडी गॅरेजमध्ये पडली होती. हमालांना बोलवायला गेला, तर मुकादमाने ऊन आहे म्हणून सांगितलं. तेव्हा कॅप्टन स्वतः एकेक वस्तू उराशी धरून जिने उतरायचा आणि टॅक्सीत मांडीवर पंखा, मांडीवर कुकर असा यायचा. दारात येऊन उभा राहायचा, शर्ट अंगाला चिकटलेला, मिशीत घाम. कुणी 'बसा' म्हणत नसे. पाणी मात्र मिळे.

एकदा तो खुशीत आला. मोठे साहेब सहकुटुंब थंड हवेच्या ठिकाणी गेले होते, आणि बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालायचं काम त्यांनी कॅप्टनवर सोपवलं होतं. "चावी माझ्याकडे दिलीय," तो म्हणाला, बढती मिळाल्यासारखा. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"कुंड्यांना हाक मारायची नसते ना?" सासूबाई म्हणाल्या. "मग जमेल."

शेवटी एका दुपारी तो गादी डोक्यावर घेऊन आला. गादी भिंतीला लावली आणि तिच्यापाशीच जमिनीवर आडवा झाला. गार फरशीला गाल लावून पडून राहिला. केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं. वर झोप येत नाही, तो म्हणाला. भिंती पहाटेपर्यंत तापलेल्या असतात. खिडकी उघडली तरी तेच, लावली तरी तेच. मग उताणा होऊन, छताकडे पाहत, "मी इथे राहू का?"

सासूबाई गॅलरीत खुर्चीवर होत्या. "तिला विचार. घर तिचं आहे."

थोरलीने त्याच्याकडे पाहिलं. दया येते का ते तिने तपासून पाहिलं. आली, पण फारच थोडी, आणि तीही मुख्यतः त्या गार फरशीची. नवरा म्हणून हा माणूस जसा होता तसाच राहणार होता. उद्या साहेबांनी बोट दाखवलं, तर हा पुन्हा शिट्टी गळ्यात अडकवेल. पण बाहेर आग होती आणि तो माणूसच होता.

"गादी एकच आणलीत," ती म्हणाली. "ती आईंची. तुमची तुम्ही आणा."

तो लगबगीने उठू लागला.

"आत्ता नाही. ऊन उतरल्यावर. तुमच्या उशाशी वॉर्डात बसायला मला सुट्टी मिळणार नाही."

तो पुन्हा आडवा झाला आणि बघता बघता तोंड उघडं टाकून झोपला. थोरलीने कलिंगड कापायला घेतलं. एक मोठी फोड ताटलीत घालून सासूबाईंना दिली, एक स्वतः घेतली. सासूबाईंनी बी थुंकून आत झोपलेल्याकडे मान वळवली.

"त्याला ठेवायची का एक?"

थोरलीने सुरी उचलली, उरलेल्या कलिंगडाकडे पाहिलं.

"ठेवा," ती म्हणाली. "बारकीशी."